खुलताबाद : एका कबरीहून मोठे गाव

खुलताबादचे नाव हल्ली बातम्यांत येते ते एका कबरीमुळे. टीव्हीवर वाद पेटतो, गावात पोलिसांच्या गाड्या येतात, रस्त्यावर बॅरिकेड लागतात. चार-आठ दिवसांनी वाद दुसरीकडे सरकतो. गाव मात्र तिथेच असते. दुकानदार शटर वर करतो, शेतकरी बाजाराला येतो, दर्ग्याच्या पायऱ्यांवर फुले विकणारा पुन्हा आपली टोपली मांडतो. आपल्या मुकुंदवाडीतून निघून क्रांती चौक, छावणी, दौलताबाद असा रस्ता धरला तर तास-दीड तासात तिथे पोचता येते. शहरापासून अंतर सुमारे २५ किलोमीटर. पण शहरातल्या कितीतरी शिकलेल्या माणसांना या गावाबद्दल औरंगजेब या एका नावापलीकडे काही सांगता येत नाही. यात मुसलमानही आले आणि हिंदूही.

हे गाव सातशे वर्षांत कसे घडले, कोणत्या घटनांनी त्याला वर आणले आणि कोणत्या घटनांनी बाजूला टाकले, हे इथे मांडायचे आहे. गावाचा इतिहास एका माणसाच्या नावावर लिहिला की गावातल्या बाकी सगळ्यांचा हक्क त्या नावाबरोबर वाहून जातो, म्हणून हे मांडणे मला गरजेचे वाटते.

राजधानीच्या बाहेरचे कब्रस्तान

पहिली मोठी घटना १३२७ची. मुहंमद बिन तुघलकाने देवगिरीला दौलताबाद हे नाव देऊन दुसरी राजधानी केली आणि दिल्लीतले अमीर-उमराव, काझी, आलिम, कारागीर आणि सुफी यांना इकडे आणले. शाळेत आपल्याला हा प्रसंग ‘तुघलकी कारभार’ म्हणून शिकवला जातो आणि सुलतानाच्या लहरीवर हसून आपण पुढे जातो. पण त्या लहरीने दख्खनचे काय झाले, हा खरा प्रश्न आहे. काही वर्षांत सुलतानाने लोकांना परत जायची मुभा दिली. पुष्कळ परतले. जे राहिले, त्यांनी दख्खनची भाषा, खाणेपिणे, कारागिरी आणि भक्ती या सगळ्यांवर आपली खूण सोडली.

राहिलेल्यांत बुऱ्हानुद्दीन गरीब होते. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे हे शिष्य. ‘गरीब’चा इथला अर्थ निर्धन असा नाही, परदेशी, परका असा आहे. दिल्ली सोडून परमुलखात आलेल्या माणसाला तो शोभून दिसतो. समा म्हणजे भक्तिसंगीताची त्यांना विलक्षण ओढ होती. १३३७मध्ये त्यांचे निधन झाले आणि दौलताबादच्या किल्ल्यापासून वर, डोंगरपठारावर त्यांचे दफन झाले. त्यांचे बंधू मुन्तजबुद्दीन, ज्यांना लोक जर जरी जर बख्श म्हणतात, परंपरेप्रमाणे त्यांच्याही आधी, १३०९मध्ये इथेच विसावले होते. सातशे पालख्या आल्या, चौदाशे आल्या, असे आकडे आजही भाविक सांगतात. आकडे श्रद्धेचे आहेत, ते मोजायला जाऊ नये. उत्तरेतून माणसे मोठ्या संख्येने आली, एवढे मात्र त्यातून नक्की कळते.

राजधानी खाली किल्ल्याच्या पायथ्याशी आणि दफनभूमी वर पठारावर, अशी ही मांडणी. या पठाराला ‘रौजा’ म्हणू लागले. रौजा म्हणजे बाग आणि रौजा म्हणजे मजारही. गावाचे हे मूळ नाव. गाव आधी आणि कब्रस्तान नंतर, असे इथे झालेले नाही. आधी मजारी झाल्या, मग त्यांची देखभाल करणारे मुजावर आले, जियारतीला येणाऱ्यांसाठी लंगर आले, दिवाबत्तीचे तेल विकणारे, फुलवाले, कुंभार, शेतकरी आले आणि त्यातून वस्ती झाली.

याच रौजात अमीर हसन सिज्झी यांची कबर आहे. निजामुद्दीन औलियांची संभाषणे टिपून त्यांनी ‘फवाइद-उल-फुआद’ हा ग्रंथ तयार केला. सत्पुरुषाच्या बैठकीतले बोल लिहून ठेवण्याचा जो प्रकार पुढे हिंदुस्थानभर पसरला, त्याचा हा पायाचा दगड. तोच प्रकार दख्खनमध्ये बुऱ्हानुद्दीनांच्या शिष्यांनी चालवला. काशानी बंधूंनी त्यांची वचने फारसीत टिपली. रुक्नुद्दीन काशानीच्या ‘शमाइल-उल-अत्किया’ या ग्रंथाचे पुढे सतराव्या शतकात दख्खनी भाषेत रूपांतरही झाले. म्हणजे आज जे गाव फक्त कबरींचे म्हणून ओळखले जाते, ते चौदाव्या शतकात लिहिण्या-वाचण्याचे ठिकाण होते. अमेरिकन अभ्यासक कार्ल अर्न्स्ट यांनी १९९२मध्ये ‘इटर्नल गार्डन’ हे पुस्तक लिहिले ते याच ग्रंथांच्या आधारे. नॉर्थ कॅरोलिनातल्या माणसाला ज्याचे मोल कळले, ते २५ किलोमीटरवरच्या आपल्याला कळू नये, ही खंत आहे.

दर्वेश बसला, सुलतान नमला

दुसरी घटना फिरिश्ता या इतिहासकाराने सांगितली आहे. १३४७मध्ये दौलताबादेतच बहमनी सत्तेचा जन्म झाला. तिचा दुसरा सुलतान मुहंमदशाह याच्या काळात दौलताबादेत बंड झाले. बंड मोडल्यावर सुलतानाचा राग बुऱ्हानुद्दीनांचे उत्तराधिकारी जैनुद्दीन शिराझी यांच्यावर वळला. सुलतान दारू पितो म्हणून त्याची निष्ठा मान्य करायला जैनुद्दीन तयार नव्हते. सुलतानाने शहर सोडायचा हुकूम दिला. जैनुद्दीनांनी आपली जानमाज उचलली, आपल्या गुरूच्या मजारीपाशी येऊन बसले आणि मला इथून उठवणारा कोण ते बघू, म्हणाले. शेवटी सुलतान नरमला आणि राज्यातली दारूची दुकाने बंद करण्याचे त्याने कबूल केले.

गोष्ट तंतोतंत घडली की पुढे रंगवली गेली, हा वेगळा विषय. पण या गावाचे मूळ बळ कशात होते ते तिच्यातून दिसते. फौज सुलतानाकडे होती आणि लोकांचा मान दर्वेशाकडे. म्हणून पुढची चारशे वर्षे राजे इथे काही देण्यापेक्षा घेण्यासाठीच जास्त आले. खानदेशच्या फारुकी सुलतानांनी तापीकाठी नगर वसवले, त्याचे नाव ठेवले बुऱ्हानपूर. पलीकडच्या काठावरच्या वस्तीचे नाव जैनाबाद. खुलताबादचे दोन फकीर दीडशे-दोनशे किलोमीटरवर एका राजधानीला आपली नावे देऊन गेले. गुलबर्ग्याचे ख्वाजा बंदानवाज गेसूदराज यांचे बालपण दौलताबादेत गेले आणि त्यांचे वडील राजू कत्ताल याच रौजात विसावले आहेत.

शेजारी निजायला आलेले राजे

संतांच्या जवळ आपली कबर असावी, ही इच्छा त्या काळच्या सत्ताधाऱ्यांत सर्रास होती. त्यामुळे रौजात एकमेकांचे शत्रूही शेजारी झाले.

मलिक अंबर १६२६मध्ये गेला. हबशी मुलखात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१०मध्ये त्याने खडकी वसवली आणि नहरींनी तिला पाणी दिले. तीच खडकी पुढे औरंगाबाद झाली. जहांगीरच्या फौजांना त्याने दख्खनमध्ये पाय रोवू दिले नाहीत. वेरूळच्या भोसल्यांचा उदय झाला तो याच निजामशाहीच्या चाकरीत. मालोजी आणि शहाजी हे या परिसरातले, मलिक अंबरच्या काळातले सरदार. गनिमी काव्याचे धडे कोणी कोणाकडून घेतले यावर वाद घालता येईल, पण दख्खनी घोडेस्वार, हबशी सेनापती आणि मराठा सरदार एका बाजूने मोगलांशी लढत होते, यावर वाद नाही. जर जरी जर बख्श दर्ग्याजवळ मलिक अंबरचा घुमट उभा आहे. शहराच्या संस्थापकाची ही मजार शहरातल्या किती शाळांच्या सहलीत दाखवली जाते, हे ज्याचे त्याने आपल्या शाळेत विचारावे.

गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह १६८७मध्ये औरंगजेबाच्या हाती लागला. दौलताबादच्या किल्ल्यात एक तपाची कैद भोगून तो मेला आणि खुलताबादेत पुरला गेला. त्याला कैद करणारा औरंगजेब ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरला मेला. त्याचा देह इथे आणून जैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या अंगणात पुरला, वर छत न घालता. टोप्या शिवून मिळवलेल्या पैशांत कबर झाली, अशी आख्यायिका आहे. आज दिसणारी संगमरवरी जाळी बादशाहने बांधवलेली नाही. व्हाइसरॉय कर्झनच्या सूचनेवरून हैदराबादच्या निजामाने ती बसवली, असे सांगतात. थोडक्यात, पंचवीस वर्षे दख्खनमध्ये लढून जिवंतपणी जे साधले नाही ते मागे टाकून बादशाह एका फकिराच्या अंगणात जाऊन पडला. मोगलांच्या कैदेतून सुटलेले छत्रपती शाहू महाराज सातारा गाठण्यापूर्वी या कबरीवर येऊन गेले, असे इतिहासाच्या पुस्तकांत येते. ज्याच्या वडिलांना त्या बादशाहने क्रूरपणे मारले त्या मुलाने तिथे जाताना मनात काय बाळगले असेल, हे आपण त्यांच्यावर सोडावे. त्या काळच्या माणसांना युद्ध आणि मृत्यू यांतला फरक कळत होता, एवढे त्यातून दिसते.

निजामशाहीचा नव्हे तर हैदराबादच्या आसफजाही निजामांचा मूळपुरुष, पहिला आसफजाह, १७४८मध्ये बुऱ्हानपूरला वारला. त्याची कबर बुऱ्हानुद्दीनांच्या दर्ग्यात आहे आणि १७५०मध्ये मारला गेलेला त्याचा मुलगा नासिरजंगही तिथेच आहे.

औरंगजेबाला मरणोत्तर ‘खुल्द-मकान’ म्हणजे चिरंतन लोकात वास करणारा, असा किताब मिळाला. त्यावरून रौजाचे खुल्दाबाद झाले आणि मराठी तोंडात त्याचे खुलताबाद. गावाभोवतीचा तट आणि वेशीही मोगल काळातल्याच. नगारखाना, पांगरा, लंगडा अशी वेशींची नावे आहेत आणि त्यांत एक कुणबी आळीचीही वेस होती. सुफींच्या आणि बादशाहांच्या गावाच्या वेशीला कुणब्यांचे नाव असते, कारण गाव चालवणारे तेच होते.

राजधानी गेली, रेल्वे खालून गेली

उत्कर्ष इथे थांबला. १७६३मध्ये निजाम अली खानने राजधानी औरंगाबादहून हैदराबादला नेली. दरबाराबरोबर अमीर गेले, अमिरांबरोबर कारागिरांचे गिऱ्हाईक गेले. औरंगाबाद ओसरले, तसे खुलताबादही ओसरले. मागे राहिलेल्यांत आझाद बिलग्रामी हे मोठे नाव होते. अरबी आणि फारसीत लिहिणारा हा कवी आणि चरित्रकार उत्तरेतून आला, औरंगाबादेत रमला आणि १७८६च्या सुमारास वारल्यावर खुलताबादेत अमीर हसन यांच्या सान्निध्यात पुरला गेला. चौदाव्या शतकातल्या लेखकाजवळ अठराव्या शतकातल्या लेखकाने जागा घेतली.

दुसरा फटका रेल्वेचा. १९००च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी मीटरगेज लाइन सुरू झाली. ती सपाटीवरून गेली. दौलताबादला स्टेशन मिळाले, पण डोंगरावर चढायचे कारण रेल्वेला नव्हते. पुढे जिनिंग, अडत, कापसाचा व्यापार, सगळे रेल्वेच्या कडेने वाढले. आपली मुकुंदवाडी याच लाइनीवरची. एमआयडीसी आणि सिडको आले तेव्हा खेड्याचे शहर व्हायला तिला फार वेळ लागला नाही आणि १९८२मध्ये महापालिका झाली तेव्हा तीही शहरात गेली. खुलताबाद मात्र डोंगरावर राहिले. १९०१च्या जनगणनेत गावाची वस्ती तीन हजारांच्याही आत होती. २०११मध्ये ती पंधरा-सोळा हजार. एकशे दहा वर्षांत शहर कुठल्या कुठे गेले, हे गाव गावच राहिले.

१९४८ आणि त्यानंतर

तिसरे वळण सप्टेंबर १९४८चे. पोलीस अ‍ॅक्शन झाली, हैदराबाद संस्थान भारतात आले. रझाकारांचा जुलूम संपला, ही मुक्तीच होती. त्यानंतर संस्थानात अनेक ठिकाणी निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला, हेही सुंदरलाल समितीने नोंदवले आहे. त्या समितीने सर्वांत जास्त झळ बसलेले म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे जिल्हे सांगितले. दोन्ही गोष्टी एका दमात सांगायची सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल.

खुलताबादसारख्या गावावर दूरगामी परिणाम केला तो जमिनीच्या कायद्यांनी. ऑगस्ट १९४९मध्ये जहागिरी रद्द झाल्या. मग इनामे रद्द करणारा कायदा आला. शतकानुशतके दर्ग्यांचा खर्च, लंगर, मुजावरांचा उदरनिर्वाह इनाम गावांच्या उत्पन्नावर चालत होता. तो आधार तुटला. दर्ग्यांशी जोडलेल्या जमिनी वक्फ म्हणून नोंदल्या गेल्या आणि त्यांच्या वहिवाटीचे वाद कचेऱ्यांत आणि कोर्टांत गेले. ज्या घरांनी पिढ्यानपिढ्या फक्त दर्ग्याची खिदमत केली, त्यांच्या मुलांना आता दुकान, रिक्षा, गवंडीकाम, नाहीतर वाळूजची कंपनी गाठावी लागली. जहागीरदारी गेली हे योग्यच झाले, कारण कुळाच्या अंगावरचा भार उतरला. पण जुनी व्यवस्था काढून घेतल्यावर गावाला नवी मिळकत कोणती द्यायची, याचा विचार फारसा झाला नाही.

मिळकत पर्यटनाची होऊ शकली असती. चार-पाच किलोमीटरवर वेरूळची लेणी आहेत, १९८३पासून जागतिक वारसा यादीत असलेली. देशोदेशीचे प्रवासी खुलताबादच्या वेशीपाशून वेरूळला जातात. थांबतात ते अर्धा तास, औरंगजेबाची कबर बघायला. मलिक अंबर, अमीर हसन, आझाद बिलग्रामी यांच्यापर्यंत त्यांना घेऊन जाणारी वाट कोणी आखली नाही. गावाला स्वतःची ओळख सांगायची संधी मिळाली नाही, म्हणून बाहेरच्यांनी दिलेली ओळख चिकटली.

शेजार

आणि हे गाव फक्त मुसलमानांचे तरी कुठे आहे? झोपलेल्या मारुतीचे देवस्थान, भद्रा मारुती, याच गावात आहे. हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारी शहरातून हजारो माणसे रात्रभर चालत इथे येतात. रबिउल अव्वलमध्ये जर जरी जर बख्शचा उर्स भरतो तेव्हा पंचक्रोशी लोटते. दोन्ही गर्दींना चहा पाजणारे हॉटेलवाले तेच.

जवळच्या शूलिभंजनला संत एकनाथांनी तप केले, अशी परंपरा आहे. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरी किल्ल्याच्या चाकरीत होते आणि त्यांचे गुरू चांद बोधले यांना सुफी परंपरेतले मानतात. त्यांची समाधी-दर्गा दौलताबादेतच आहे. नाथांच्या भारुडांत हिंदू-तुर्क संवाद आला तो अशा शेजारात. घाटाखाली कागजीपुरा आहे. तुघलकाच्या काळात आलेल्या कागद कारागिरांची ही वस्ती, असे मानतात. हातकागदाचा धंदा तिथे अगदी अलीकडेपर्यंत तग धरून राहिला. घृष्णेश्वराचे मंदिर मालोजी भोसल्यांनी उभे केले, पुढे अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. दहा-बारा किलोमीटरच्या वर्तुळात हे सगळे आहे. यातले एक पान फाडले तर बाकीची पाने सुटी होतात.

आज काय पणाला लागले आहे

मे २०२२मध्ये एका राजकीय भेटीवरून वाद झाला आणि पुरातत्त्व खात्याने कबर काही दिवस बंद ठेवली. मार्च २०२५मध्ये कबर हटवा अशी मागणी पेटली, नागपुरात हिंसाचार झाला, इथे पहारा बसला आणि कबरीच्या बाजूने पत्रे उभे राहिले. पाठोपाठ गावाचे नाव रत्नपूर करण्याची घोषणा एका मंत्र्यांनी केली.

औरंगजेबाबद्दल कोणी काय मत ठेवावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. छत्रपती संभाजी महाराजांना त्याने ज्या पद्धतीने मारले त्याचे समर्थन करणारा माणूस मला मान्य नाही, आणि त्याच्या राज्याचा हिशेब आजच्या मुसलमानाच्या नावावर लिहिणाराही मान्य नाही. त्याने गोवळकोंडा आणि विजापूरही बुडवले. तानाशाहची कबर गावातच आहे, शंका असेल त्याने पाहून यावी. इतिहासाचे पुरावे उचलून फेकल्याने इतिहास बदलत नाही. मराठ्यांनी मोगल बादशाहला दख्खनमध्ये कसे थकवले, याचा सर्वांत मोठा पुरावाही हीच बिनछताची कबर आहे.

माझा मुद्दा साधा आहे. वाद दिल्ली-मुंबईत होतो, किंमत गाव मोजते. बॅरिकेड लागले की हॉटेल, रिक्षा, फुले, अत्तर, सीताफळे विकणाऱ्यांचा दिवस बुडतो. त्यांत सगळ्या जातिधर्मांचे लोक आहेत. नाव बदलले तर सातबाऱ्यापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत कागद बदलायची धावपळही त्यांचीच.

सातशे वर्षांत या गावाने तुघलकाची राजधानी येताना आणि जाताना पाहिली, बहमनी, निजामशाही, मोगल, आसफजाही अशा सत्ता एकेक करून मावळताना पाहिल्या. प्रत्येक सत्ता गेल्यावर गाव उरले, कारण ते सत्तेवर उभे नव्हते. ते उभे होते दोन फकिरांच्या मजारींवर, त्यांच्या भोवती जमलेल्या लिहिणाऱ्या-गाणाऱ्यांवर आणि कुणबी आळीतल्या शेतकऱ्यांवर. पुढच्या वेळी वेरूळला जाल तेव्हा अर्धा दिवस जास्त काढा. मलिक अंबरच्या घुमटाकडे जा, अमीर हसन आणि आझाद बिलग्रामी यांच्या कबरी कुठे आहेत ते गावातल्या कुणालाही विचारा, भद्रा मारुतीला हात जोडा, आणि जेवण गावातच घ्या. बरोबर मुले असतील तर त्यांना सांगा की आपल्या शहराचा संस्थापक इथे झोपला आहे.